पाचुंद्यांचा हिशेब

दुष्काळ आला की नाही, हे आमच्या घरात आज्जा ठरवायचा, आणि तो आभाळाकडे बघून ठरवत नसे. सुगी उरकली, शेवटची गाडी रिकामी झाली, कडब्याचं बुचाड रचून त्याच्या शेंड्यावर टोपी बसली, की दुसऱ्या दिवशी सकाळी तो चुलीतला एक कोळसा घेऊन गोठ्यात जायचा आणि भिंतीवर रेघा ओढायचा. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. बैलजोडीला दिवसाला दोन पाचुंदे, गाईला एक, म्हशीला एक. वासरू गाईच्या गव्हाणीत तोंड घालून भागवणार, आणि शेळ्या म्हणजे हिशेबाबाहेरचा प्रपंच, त्या बाभळीच्या शेंगांवर जगतात. दिवसाला चार, महिन्याला एकशे वीस. फाल्गुनापासून भाद्रपद संपेपर्यंत साडेआठशेच्या आसपास लागतात. चौदाशेवर पाचुंदे असले तर तो तंबाखू मळत हसायचा. पुढची सुगी येईपर्यंत पाऊस पडो न पडो.

आमचा माण तालुका साताऱ्यातच मोडतो, पण त्याच जिल्ह्यातल्या महाबळेश्वरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि आमच्याकडे पाचशेच्या आतबाहेर. तोही आला तर परतीचा, उत्तरा-हस्ताचा. त्यामुळे खरीप हा जुगार. भरवसा रब्बीच्या शाळूवर. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी १९३०च्या दशकात आली आणि आमच्या रानात रुजली. ती का रुजली, याचं कारण कृषी खात्याची माणसं दाण्याच्या बाजूनं सांगतात. आज्जा ताटाच्या बाजूनं सांगायचा. पुरुषभर उंचीचं, गोड, जनावर चिपाडसुद्धा ठेवत नाही असं ताट. १९६४ साली संकरित सीएसएच-१ आली तेव्हा दाण्याचं फार कौतुक झालं. आज्ज्यानं एकदा शेजाऱ्याच्या रानात ती कमरेएवढी ज्वारी पाहिली आणि म्हणाला, "माणसं जगत्याल रं, पर दावणीनं काय खायाचं?"

मी पुढे पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक झालो. गावात सगळे डॉक्टर म्हणत, मी काही डॉक्टर नव्हे. नोकरीची तीसेक वर्षं याच पट्ट्यात गेली. ज्याला लोक दुष्काळ म्हणतात त्याचा इतिहास मी पुस्तकांतही वाचला. त्यात माणसं किती मेली, कामावर किती आली, धान्य किती आलं, हे पानोपानी सापडतं. जनावरांचं एखादं वाक्य असतं, बहुतेक परिच्छेदाच्या शेवटी. आणि इकडे घरात पहिला निर्णय दावणीपाशी होतो. कोण राहणार, कोण जाणार, कोण विकलं जाणार. माणसांनी कुठे जायचं हे त्यानंतर ठरतं.

बुचाड रचणं हे गवंडीकामासारखंच कसबाचं काम. खाली दगडांचा ओटा, म्हणजे वाळवी नि ओल लागत नाही. पेंढ्यांचे शेंडे आत, बुडखे बाहेर, आणि वर जाताना निमुळतं, पाऊस ओघळून जावा असं. भोवती बाभळीच्या काट्यांची वई. घरापासून लांब, कारण आग. आमची आजी बुचाडाच्या बाजूला चिलीम घेऊन गेलेल्या पाहुण्यालाही मागे फिरवायची.

या भीतीला मोठी वंशावळ आहे. राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ तळ दिलेल्या लष्करी अंमलदारांना धाडलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, या मजकुरासाठी ते बहुतेकांना ठाऊक असतं. मला ते वैरणीचं पत्र वाटतं. पावसाळा तोंडावर आहे, गवत आत्ताच बेहिशेब उधळलं तर पुढे मिळायचं नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होतील; मग माणसं कुणब्याच्या घरात शिरतील. एवढं झाल्यावर पत्र थेट उंदरापर्यंत उतरतं. रात्री दिवा जळत ठेवाल, उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला लागेल, सगळा साठा जाईल. राज्य उभं करणारा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतो, हे वाचून मला पहिल्यांदा आजीच आठवली.

आमच्या भागाला दुष्काळानं जे मोठं बांधकाम दिलं ते म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव. १८७६च्या दुष्काळात माणगंगेवर त्याचं काम सुरू झालं. त्या दुष्काळातल्या कामांची एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. सरकारी धोरण असं की छोटी, गावाजवळची कामं बंद करून लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर हलवायचं, म्हणजे खरा गरजू कोण ते आपोआप कळेल. सरकारी अधिकारी रिचर्ड टेंपलनं दिवसाचं धान्य एक रत्तलावर आणलं. लोकांनी कामं सोडून संप केला, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यावर अहवाल लिहिले. या सगळ्या वादात रत्तल पुरतो का, हाच प्रश्न गाजला. माझ्यासारख्याला दुसराच प्रश्न पडतो. गोठ्यात दोन बैल उभे असलेला माणूस दहा-पंधरा मैलांवर मुक्कामी जाईल कसा? गेला तर बैल कुणाच्या भरवशावर? म्हणजे कामावर जायची पहिली अट दावण मोकळी करणं ही होती. ज्यानं बैल शेवटपर्यंत धरून ठेवले तो गरजू ठरलाच नाही, आणि ज्यानं विकले त्याला पुढच्या पावसात पेरायला औत राहिलं नाही.

आणि पूर्वी असं वर्ष आलं की डोंगरावर हाकायची सोय होती, ती त्याच काळात आक्रसत होती. १८७८चा जंगल कायदा आला, राखीव रानाच्या हद्दी पडल्या, गायरानं नि माळ खात्याच्या ताब्यात गेले. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये यावर जे कोरडे ओढले आहेत, ते वाचताना शहरातला वाचक जंगलाचा विचार करतो. गावातला माणूस कोंडवाड्यात अडकलेल्या शेळीचा करतो. पुढे १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर संहिता झाल्या, आणि टंचाईच्या वर्षी राखीव जंगलं चराईला खुली करावीत हे त्यात आलं. बंद केलेलं दार वाईट वर्षात किलकिलं करायचं, आणि त्याला मदत म्हणायचं. आज्ज्याच्या तोंडात या मदतीला एकच शब्द होता, "परवाना".

कोकणपट्टीच्या जंगलातलं गवत कापून, दाबून, गठ्ठे करून रेल्वेनं देशावर धाडण्याचे प्रयोगही त्या काळात झाले. कल्पना चांगलीच. पण माणला रेल्वे नाही, आजही नाही. गठ्ठे उतरणार कोरेगाव-रहिमतपूरच्या बाजूला, आणि तिथून आणायला बैलगाडीच. जाऊन येऊन चार दिवस. खंगलेले बैल गाडीभर गवत ओढणार आणि वाटेत त्यातलंच खाणार. घरी काय पोचेल, हे आज्ज्याच्या कोळशालाही सांगता आलं असतं.

जनावरांनी दुष्काळात काय काय खाल्लं याची यादी मी नोकरीत असताना म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून करायचो. लिंबाचा पाला, बोरीचा, पिंपळाचा, उंबराचा. हिवराच्या शेंगा. घरावरचं शाकारलेलं जुनं गवत, धुरानं काळं झालेलं, उतरवून पाण्यात भिजवून दिलेलं. आणि फड्या निवडुंग. त्याचे काटे जाळावर धरून भाजायचे, खरवडायचे, तुकडे करून थोड्या कडब्यात मिसळून द्यायचे. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानंही याचे प्रयोग केले होते. निवडुंगात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे जनावराची तहान थोडी भागते आणि पोट सुटतं. एका म्हातारीनं मला सांगितलं की काटे नीट भाजले नाहीत तर ते जिभेत रुततात आणि मग जनावर दुसरंही काही खात नाही. तिचा हात हे सांगताना स्वतःच्या ओठावर गेला होता.

बहात्तर सालचं मला स्वतःला आठवतं. मी बारा वर्षांचा. आदल्या साली पाऊस कमीच होता, त्यामुळे भिंतीवरच्या रेघा सहाशेपाशी थांबल्या होत्या. आज्ज्यानं त्याच दिवशी माप बदललं. बैलांना दोनाचा दीड पाचुंदा, गाईला तीन पेंढ्या. पाऊस आलाच नाही. बेंदराला बैलांची शिंगं रंगवली तेव्हा रान उघडंच होतं. हस्त कोरडा गेला त्या दिवशी म्हैस म्हसवडच्या बाजारात गेली. म्हैस आधी, कारण ती सगळ्यांत जास्त पाणी मागते आणि उन्हात डुंबायला मिळालं नाही तर तापते. किती रुपये आले ते दादांनी, माझ्या वडिलांनी, घरात कधी सांगितलं नाही. अशा वर्षी बाजारात विकणारे सगळे शेतकरी असतात आणि घेणारा एकही शेतकरी नसतो, एवढं मात्र मला तेव्हाच कळलं.

पाण्याची गोष्ट वेगळी होती. विहिरीवरचं इंजिन बंद होऊन कित्येक महिने झाले होते. आम्ही पोरं माणगंगेच्या पात्रात वाळू उकरून झरा करायचो. हातभर, दोन हात, कधी गुडघाभर आत उतरून. तळाशी पाणी यायचं, ते करवंटीनं बादलीत भरायचं. एक बादली भरायला केवढा तरी वेळ लागे, आणि बैल दोन घोटांत ती संपवून पुन्हा आपल्याकडे बघायचा. आजी भांडी घमेल्यात विसळायची आणि ते पाणी गाईला. तांदूळ कुठला धुवायला, लाल मिलो ज्वारी आलेली. ती धुतलेलं पाणीही गाईलाच. आता त्या पात्रात झरे लागत नाहीत, कारण मधल्या वर्षांत वाळूच राहिली नाही. ट्रक भरभरून गेली. दुष्काळाचा इतिहास लिहिणाऱ्यानं वाळूसाठी एक प्रकरण ठेवावं.

मार्गशीर्षात दादांनी ठरवलं, जनावरं काठाला लावायची. काठ म्हणजे कृष्णाकाठ. आमच्याकडे हा जुना रिवाज आहे. नात्यातलं कुणी कराडच्या बाजूला असेल तर तिकडे, नसेल तर ओळखीवर. शेण त्यांचं, दूध त्यांचं, बैल असतील तर त्यांची औताची कामं करायची, आणि त्याबदल्यात उसाचं वाढं. आम्ही वडूज, पुसेसावळीवरून मसूरकडे चाललो. दादा, मी, हरण्या-सोन्याची खिल्लार जोडी, गाय आणि वासरू. पाठीवर भाकरी आणि जोडीचा शेवटचा एक भारा कडबा. रस्त्यावर आमच्यासारखी कितीतरी माणसं. काही ठिकाणी रस्त्याच्याच कडेला खडी फोडायचं काम चाललेलं, बायांच्या रांगा बसलेल्या. त्या वर्षभरात अशा कामांवर माणसांची संख्या वाढत वाढत १९७३च्या मे महिन्यात पन्नास लाखांच्या घरात गेली. वि. स. पाग्यांच्या डोक्यातली रोजगार हमी याच काळात मोठी झाली आणि पुढे तिचा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या बाया आमच्या बैलांकडे बघत होत्या. एकीनं उठून सोन्याच्या वशिंडावरून हात फिरवला आणि परत जाऊन बसली. दादांनी मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या रात्री एका गावाबाहेर मुक्काम. शेजारच्या रानात ज्वारी करपून गुडघ्याएवढीच राहिलेली, तिला बुडातून कोवळे पोंगे फुटलेले. माझ्या डोळ्यांना तो दुष्काळातला पहिला हिरवा रंग. मी गाय सोडणार तेवढ्यात दादांनी कासरा हिसकला आणि माझ्या थोबाडीत दिली. "किराळ लागंल!" पाण्याचा ताण पडलेल्या कोवळ्या ज्वारीत विष तयार होतं. जनावर खातं, धापा टाकतं, थरथरतं, आणि काही वेळा अर्ध्या तासात आडवं होतं. ते विष सायनाइडच्या जातीचं असतं आणि त्यावर सोडियम थायोसल्फेट शिरेतून द्यायचं, हे मी नोकरीत शिकलो. त्या रात्री आमच्याकडे फक्त दादांचा हात होता. गालाची आग बराच वेळ राहिली. पुढे शेतकऱ्यांना किराळ समजावून सांगताना मी नेहमी त्या गालापासूनच सुरुवात करायचो.

काठावर जनावरं नऊ महिने राहिली. वासरू तिथंच मेलं. बैल परत आले.

छावणी हा शब्द मी नंतर ऐकला, वापरला आणि अखेर त्यात राबलो. मूळचा तो फौजेचा शब्द, महाराजांचं ते पत्र जिथे गेलं तसल्या तळाचा. तो जनावरांकडे आला. २००३च्या छावण्या आणि मग २०१२-१३च्या, या माझ्या नोकरीतल्या. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची जी छावणी उभी राहिली तिथे हजारो जनावरं आली आणि ती वर्षाहून अधिक काळ चालली. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा लांबून गाव वसल्यासारखं दिसलं. दावणींच्या ओळी, प्रत्येक ओळीच्या डोक्याशी शेडनेटची किंवा कडब्याची खोपटं, मध्ये हौद, वजनकाटा, आणि सकाळी ट्रॅक्टरमधून उतरणारा ऊस. पुरुष बरेचदा नसत. एक तर कामाला गेलेले, नाहीतर घर राखायला. बायका आणि म्हाताऱ्या दावणीवर. पोरं तिथूनच शाळेला.

ऊस. यावर मी जरा रेंगाळतो, कारण यात आमच्या जिल्ह्याचा सगळा भूगोल आहे. पाणी ज्यांच्याकडे होतं त्यांनी ते उसाला दिलं आणि ज्यांच्याकडे नव्हतं त्यांना ते उसाच्या रूपानं ट्रकमधून परत मिळालं. बहात्तरला जनावर चालत उसाकडे गेलं, आता ऊस जनावराकडे येऊ लागला. एवढी सुधारणा मान्य. पण ऊस म्हणजे वैरण नव्हे. साखर आहे, पाणी आहे, प्रथिनं जवळजवळ नाहीत. नुसत्या उसावर महिनाभर ठेवलेल्या जनावराचं शेण पातळ होतं, पोट भरलेलं दिसतं आणि पाठीचा कणा वर येतो. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि गाभण गाय ऐन वेळी बसते. म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा, क्षारमिश्रण द्या, थोडी तरी सरकी पेंड द्या, असं मी ओळीओळीतून सांगत फिरायचो. पेंड कुठून आणायची, हे विचारायचं भान बायकांना होतं. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पाणी मोठ्या जनावराला दिवसाला चाळीस-पन्नास लिटर लागतं, उन्हाळ्यात दुभत्याला त्याहून जास्त. टँकर दुपारी आला तर सगळी दावण एकदम हंबरते. ज्यानं तो आवाज ऐकला नाही त्याला टँकरच्या फेऱ्यांचे आकडे वाचून काही कळणार नाही. गर्दीत लाळ्या-खुरकूत शिरलं तर एकाच हौदावरून सगळीकडे जातं, म्हणून आधी लसीकरण. घटसर्प, फऱ्या पावसाच्या तोंडाला. खाली बसून उठेना अशी जनावरं असायची, त्यांच्या पोटाखालून पोतं घालून, दोन्ही बाजूंनी बांबू लावून चार माणसं उभी करायची. उभं केलेलं जनावर थरथरत तसंच उभं राहिलं की सगळे गप्प होऊन बघत, आणि तोल सावरला की कुणीतरी शेपटीवर थाप मारायचं.

कागदावरची जनावरंही मी पाहिली. म्हणजे पाहिली नाहीत, तोच मुद्दा. नोंदवहीत उभी आणि दावणीला नाहीत. म्हणूनच मग २०१९ला कानातल्या बिल्ल्यावर बारकोड आला, रोज यंत्रानं तपासणी आली. मोठ्या जनावराला दिवसाला नव्वद रुपये, पुढे मे महिन्यात शंभर, लहानाला त्याच्या निम्मे. एका शेतकऱ्याची पाचच जनावरं, हीही अट. शेळ्या-मेंढ्या आधी यात नव्हत्याच. आज्ज्याच्या हिशेबातही नव्हत्या, पण त्याच्या काळी बाभळी होत्या, आणि धनगराला कोकणच्या तोंडाला मेंढरं उतरवायची वाट मोकळी होती. तोवर मी निवृत्त झालो होतो. तरी जात होतो.

मला नेहमी आठवतो तो २०१३चा पहिला पाऊस. छावणीत चिखल झाला, आणि दोन-तीन दिवसांत माणसं निघायला लागली. कुणी आदेशाची वाट पाहिली नाही. मी ओळीतून ओरडत फिरत होतो, उपाशीपोटी कोवळ्या गवतावर सोडू नका, पोट फुगंल, आधी वाळकं द्या. अर्ध्यांनी ऐकलं. आमच्या भावकीतली एक काकू गाय आणि दोन खोंडं घेऊन निघाली होती. तिनं दावं सोडलं, गाय उभी केली, आणि मग परत मागे वळून आपल्या जागेवर खाली बसली. मला वाटलं थकली. ती दावणीखालचं वाढ्याचं उष्टं, चिपाडाचे तुकडे, कुट्टीचा चुरा, चिखल लागलेला बाजूला सारत हातानं गोळा करत होती. लुगड्याच्या जुन्या धडप्यात बांधलं, गाठ मारली, उचलून हातावर तोललं.

"काकू, आता पाऊस आलाय की," मी म्हणालो.

"आलाय न्हवं," ती म्हणाली, आणि गाठोडं डोक्यावर घेतलं. "दोन दिस निघत्याल यात."